उशाखालचे गठ्ठे

माझ्या पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली पत्रकांचे गठ्ठे आहेत. डॉक्टर म्हणाले होते, नुसत्या दोन उशा घेऊन उपयोग नाही, पलंगच डोक्याकडून उंच करा. विटा आणायच्या होत्या, पण आमच्या रामवाडीच्या घरात विटांपेक्षा पत्रकं जास्त. वाटून उरलेली, सुतळीनं बांधलेली. पाण्याची, कंत्राटी कामगारांची, खाऱ्या पाण्यानं नासलेल्या भातशेतीची. वडिलांनी आयुष्यभर लिहिलेला सगळा संताप माझ्या डोक्याखाली आहे. त्याच्यावर मी चार वर्षं झोपते आहे आणि तरीही आंबट पाणी घशाशी येतं.

वडील छापखान्यात कामाला होते. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून, त्यामुळे पहिली काही वर्षं मला प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यायची सवय होती. त्यांनी मला दोन नियम शिकवले. जे आपण स्वतः केलं नाही, ते दुसऱ्याला करायला सांगायचं नाही. आणि पत्रकात 'कदाचित' हा शब्द येत नाही. "कदाचित म्हणणाऱ्याच्या मागं कोण येईल, बाय?" असं ते विचारायचे. मला ते पटायचं. अजूनही बरंचसं पटतं, हीच अडचण आहे.

मी लिहिते, पण पोट भरतं ते आखणीवर. हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींचे डोळे रंगवते. आखणी म्हणजे तेच. लहान मूर्ती मांडीवर घ्यायची, पोटातून पुढं वाकायचं आणि रेघ ओढताना श्वास धरायचा. पापणीची रेघ एका श्वासात झाली नाही, तर डोळा झोपेतून उठल्यासारखा दिसतो. सीझनमध्ये असं दिवसभर. वाकलेलं पोट, धरलेला श्वास, वेळी-अवेळी चहा, दुपारी तीनला थंड भाकरी. पहिल्यांदा घशाशी आलं तेव्हा मी ढेकर दाबला, तर शेजारी मुकुट रंगवणारी बाई म्हणाली, "काय गो, देवाला करपट ढेकर दाखवतेस? नैवेद्याचं मन मरंल त्याचं." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा ती गंमत होती.

मग आवाज बसायला लागला. सकाळी उठलं की घशात काहीतरी अडकलेलं. छातीच्या मधोमध जाळ. पेणच्या डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. पंधरा दिवसांसाठी. पंधराव्या दिवशी मी नवीन माणूस होते. सतराव्या दिवशी पुन्हा तीच. म्हणून आणखी महिनाभर. मग कोणी महिने मोजले नाहीत. औषधाच्या दुकानातला माणूस मला बघितलं की न विचारता स्ट्रिप काढून ठेवायचा.

तिसऱ्या वर्षी बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. ज्या बोटांनी मी पापणी ओढते, त्याच बोटांना. रक्त तपासलं तर बी-बारा कमी. मी गोळीच्या खोक्यातला बारीक छापाचा कागद उलगडून वाचला, मग मोबाइलवर मिळेल ते वाचलं. गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काहींचं बी-बारा कमी होतं, हाडांचं काय होतं, मूत्रपिंडाचं काय होतं. कुठं 'होऊ शकतं' लिहिलं होतं, कुठं 'संबंध दिसतो'. मी डॉक्टरांना विचारलं. बाहेर वीस जण बाकावर बसलेले. ते म्हणाले, "इंजेक्शन घ्या बी-बाराचं. गोळी चालू ठेवा."

"किती दिवस?"

"बघू."

तीन वर्षं माझ्या शरीरात काय चाललंय, याचं उत्तर 'बघू'. मी बाहेर आले ती पेटूनच. बाकावर बसलेल्या निम्म्या माणसांच्या पिशव्यांत तीच गोळी असणार, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे अंगदुखी, ताप, खोकला, कशालाही गेलं तरी सोबत ती असतेच. कोणी विचारत नाही कशासाठी, कोणी सांगत नाही कधीपर्यंत. हा माझ्या एकटीचा आजार नव्हता, हा प्रश्न होता. आणि आमच्या घरात प्रश्नाचं पत्रक होतं.

आधी स्वतः करायचं, म्हणून मी गोळी एका दिवसात बंद केली. कोणालाही न विचारता. पहिल्या आठवड्यात जाळ दुप्पट झाला. मी तांदळाची पेज खाऊन राहिले, बसून झोपले, आणि त्या जळण्याला मी लढा समजले. अकराव्या दिवशी वडिलांसमोर मजकूर ठेवला. मथळा होता, 'आम्लाच्या गोळ्या आजच बंद करा!' त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू सोडलीस?"

"सोडली."

"मग छाप."

खाली माझं नाव छापलं.

तेराव्या दिवशी मी कारखान्यात एका मूर्तीचा उजवा डोळा ओढत होते. श्वास धरलेला होता आणि खालून एकदम वर आलं, नाकापर्यंत. हात उडाला. काळी रेघ कपाळापर्यंत गेली. मी मोरीवर ओकले. परत आले तर मुकुटवाली बाई माझी मूर्ती हातात घेऊन ओल्या फडक्यानं ती रेघ पुसत होती आणि काही बोलत नव्हती. ती थट्टा करत नाही म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल, ते मला कळलं. त्या संध्याकाळी मी गोळी घेतली. सकाळी पुन्हा घेतली.

पत्रकं छापून आली होती. मी स्वतःला सांगितलं की माझी हार ही माझी, पण मजकूर खरा आहे. पंधराव्या दिवशी, रविवारी, मी ती रोह्यात वाटली. बाजारात, रिक्षा स्टँडवर आणि आत्याच्या दारात.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. रोह्यात एकटी राहते. कंपनीतल्या शिफ्टवाल्यांना डबे देते, म्हणजे द्यायची. गुडघे गेलेले, त्यासाठी दिवसाला दोन दुखण्याच्या गोळ्या. त्यांनी पोट खरवडू नये म्हणून डॉक्टरांनी सकाळची एक कॅप्सूल दिलेली. ती कॅप्सूल म्हणजे माझ्या पत्रकातली तीच. हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या दारात उभी राहून मी तिला कागद दिला, तिनं पदराला हात पुसून तो दोन्ही हातांनी घेतला. आमच्या घरात पत्रक असंच घेतात.

तिनं कॅप्सूल बंद केली. दुखण्याच्या गोळ्या चालू ठेवल्या, कारण त्यांच्याबद्दल पत्रकात काही नव्हतं.

पाचव्या आठवड्यात शेजारणीचा फोन आला. आत्या चुलीपाशी पडली होती, रक्ताची उलटी झाली होती. मी रामवाडीच्या स्टँडवरून एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत मला वाटत होतं की काही वेगळंच कारण असेल. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोटात जखम झाली, दोन बाटल्या रक्त चढवलं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. "यांनी संरक्षणाची गोळी अचानक का बंद केली, काही कळत नाही," त्या म्हणाल्या. मला कळत होतं.

आत्या पांढरी पडली होती, पण बोलत होती. "आलीस? उपाशी असशील. मला इथं खाऊ देत नायत, नायतर तुला घास दिला असता."

"आत्या, ती गोळी का बंद केलीस?"

"का म्हंजे? तूच सांगितलंस ना. फ्रीजला लावलाय तुझा कागद. खाली नाव हाय तुझं."

"डॉक्टरांना विचारायचं होतंस गं."

"विचारा म्हणून लिहिलंवतंस का त्यात?"

लिहिलं नव्हतं. संपूर्ण पानभर मी आज्ञा दिल्या होत्या.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुझं कसं हाय? तुला जमलं ना सोडायला?"

खोटं बोलता आलं असतं. तिच्या हातात सुई होती, सलाइन टपटपत होतं. मी पर्समधून स्ट्रिप काढून तिच्या चादरीवर ठेवली. तीन गोळ्या उरल्या होत्या.

तिनं ती उलटसुलट करून बघितली. "कधीपासून?"

"तेरा दिवस बंद होती. मग पुन्हा."

"आणि मला कागद दिलास तो?"

"पंधराव्या दिवशी."

तिनं सुई नसलेल्या हाताच्या बोटांवर मोजलं. "म्हंजे माझ्या दारात उभी होतीस, तवा तुझ्या पोटात गोळी होती."

"व्हय."

ती हसली आणि हसताना दुखलं म्हणून तिनं पोट धरलं. "बापसाचं डोकं घेतलंस, तोंड घेतलंस. खरं बोलायचा रोग तेवढा घेतला नायस." मग तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी दीड तास तिथं बसले होते. ती झोपली नव्हती, पण वळलीही नाही.

वडिलांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चूक जेवढ्या टाइपात छापली, तेवढ्याच टाइपात दुरुस्ती छापायची. लिही."

मी चार दिवस लिहीत होते. गोळ्या अचानक बंद करू नका, असं लिहिलं. मी स्वतः बंद करू शकले नाही आणि ते लपवलं, असं लिहिलं. पुढं काय लिहायचं? घेत राहा? तेही खरं नव्हतं. काहींना ती लागते, काहींना लागत नाही. काहींना ती कमी करत सोडता येते, कदाचित. बोटांच्या मुंग्या त्या गोळीमुळं असतील, कदाचित वाकून काम करण्यामुळं. वडिलांनी मजकूर हातात घेतला, लाल पेन्सिल काढली. कागदावर तीन ठिकाणी 'कदाचित' होता. पेन्सिल तिन्ही ठिकाणी थांबली. त्यांनी एकही खोडला नाही. कागद परत दिला आणि चष्मा काढून ठेवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

रोह्याच्या बाजारात तोच कागद घेऊन मी उभी राहिले. एका रिक्षावाल्यानं वाचला, पुन्हा वाचला. "म्हंजे घ्यायची का नाय, ताई? एक काय ते बोल."

"तुमच्या डॉक्टरांना विचारा."

"त्यांना टाइम असता, तर तुझा पैला कागद खिशात कशाला ठेवला असता?" त्यानं पत्रक परत माझ्या हातात दिलं. पहिलं पत्रक मला कोणी परत दिलं नव्हतं.

नंतर पनवेलला जाऊन नळी घालून तपासणी केली. अन्ननलिका खालून सोललेली आहे, झडप सैल आहे. तिथल्या डॉक्टरांनी वेळ दिला, चित्र काढून दाखवलं. गोळी न घेतली तर अन्ननलिका आणखी बिघडेल. घेतली तर वर्षातून एकदा रक्त तपासत राहायचं. "किती वर्षं?" मी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडेही 'बघू'च होतं, फक्त ते प्रेमानं म्हणाले. मी सत्तावीस वर्षांची आहे.

आत्याला आता दुखण्याची गोळी चालत नाही. गुडघ्यांनी ती उभी राहू शकत नाही, म्हणून डबे बंद झाले. भिंत धरून चुलीपर्यंत जाते, स्वतःपुरता भात करते. तिच्या फ्रीजवर पहिलं पत्रक अजून आहे. मी काढायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दुसरं त्याच्या खालीच लाव. लोकांना दोन्ही दिसू देत." मी लावलं.

पहिल्या पत्रकाची माझ्याकडे एकही प्रत उरली नाही. दुसऱ्याचे दोन गठ्ठे उरले. जुने गठ्ठे दबून बसले होते, म्हणून मी हे नवे पलंगाच्या पायांखाली सारले. डोकं बोटभर आणखी उंच झालं. पाणी तेवढंच वर येतं.

रोज सकाळी सहाला तिचा फोन येतो. "घेतलीस?"

"घेतली."

"मी पण."

मग अर्धा तास काही खायचं नसतं. ती फोन ठेवत नाही, मीही ठेवत नाही. तिच्याकडं पंखा चालू असतो, तेवढाच आवाज. मी बोटं एकमेकांवर घासून बघते, टोकं जागी आहेत का ते. कधी आहेत असं वाटतं, कधी नाही. साडेसहाला ती म्हणते, "खा आता," आणि फोन बंद होतो.