पाहुण्यांच्या पिशवीचा तपास

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी गुप्तहेर झालो आणि सहाव्या दिवशी निवृत्त झालो.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. मस्कतला नोकरीला असलेल्या माझ्या मेव्हण्याने सुट्टीवर येताना माझ्या मुलीसाठी हातात मावणारा एक व्हिडिओ गेम आणला. (मुलीला तो फारसा मिळाला नाही. बापाच्या हातून सुटला तर ना.) त्यात आपण गुप्तहेर. चोरी झालेली खोली पडद्यावर दिसते आणि काडीएवढ्या पेनाने दिसेल ते टोचायचं. कपाट टोचलं की उघडतं, उशी टोचली की खाली किल्ली सापडते, माणूस टोचला की बोलायला लागतो. शेवटी सगळ्यांना एकत्र जमवायचं आणि चोराकडे बोट दाखवायचं. पाच दिवसांत मी चार चोर पकडले. चारही वेळा चोर निघाला तो सगळ्यांत सज्जन दिसणारा माणूस. हे मी मनात पक्कं करून ठेवलं.

सहाव्या दिवशी, रविवारी, माझ्या धाकट्या बहिणीला, सुलभाला, बघायला संगमेश्वरहून पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. आधीच्या दोन स्थळांच्या वेळी सुलभा तोंड पाडून बसली होती. या वेळी तिने स्वतःची साडी स्वतः इस्त्री केली, तेव्हाच आम्ही काय ते ओळखलं. काही बिघडू नये म्हणून सगळे जपून होते. आईने पेंढ्याच्या अढीत पिकत घातलेले मोसमातले पहिले डझनभर आंबे पाहुण्यांसाठी राखले होते.

चहा झाल्यावर मी ते काढायला गेलो, तर अढीत सहाच.

आईला विचारलं असतं तर प्रकरण एका वाक्यात मिटलं असतं. पण गुप्तहेर असं सरळ विचारत नाही! मी पेंढा उपसला, कॉटखाली शिरलो, पिठाचा डबा उघडला.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"तू दुपारी तीन वाजता कुठे होतीस?"

"तुमच्या शर्टाला पीठ लागलंय." (उत्तर टाळते, असं मी टिपून घेतलं.)

बाहेर ओटीवर मुलाचे वडील बसले होते. पांढराशुभ्र शर्ट, मऊ आवाज, कुणाबद्दल वाकडं बोलणं नाही. इतका सज्जन माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पायाशी त्यांची कापडी पिशवी होती. पाणी ठेवायच्या निमित्ताने मी वाकलो आणि पिशवी बोटाने टोचली. आंबा. पुन्हा टोचली. आणखी एक आंबा.

मी आतल्या सगळ्यांना ओटीवर बोलावलं.

"आपल्या अढीतले सहा आंबे गेलेत," मी म्हणालो, "आणि ते अजून या ओटीवरच आहेत." मग मी बोट दाखवलं.

गृहस्थांनी पिशवी उघडली आणि एकेक आंबा जमिनीवर ठेवत गेले. आंबे बघून त्यांनाच जास्त नवल वाटत होतं.

"मेल्या, ते मी घातले पिशवीत," आई म्हणाली. "वानवळा काय दवंडी पिटून देतात? तोंडावर दिला तर माणसं नको म्हणतात. तुला कोणी सांगितलान हा उद्योग?"

आमच्याकडे पाहुण्यांना घरचं फळफळावळ असंच त्यांच्या नकळत बांधून देतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पाच दिवसांत विसरलो.

पाहुणे रिकामी पिशवी घडी करून गेले. सुलभा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आठ दिवस संगमेश्वरहून निरोप नाही आणि घरात माझ्याशी शब्द नाही. मला मनापासून लाज वाटत होती. नवव्या दिवशी एसटी पकडून मी माफी मागायला गेलो.

मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"होकार आमचा त्याच दिवशी ठरला," ते म्हणाले. "एसटीतच ही म्हणाली, मुलगी गुणाची आहे, पण भाऊ हा असा. पोरीला त्या घरात फार दिवस ठेवणं बरं नव्हे. जवळचा मुहूर्त मिळेना, म्हणून कळवायला उशीर झाला."

लग्न महिन्याभरात झालं. बहिणीच्या लग्नाला माझा हातभार काय लागला म्हणाल, तर तो एवढाच.