बिनखिळ्याच्या चपला

चपलेतून वर आलेला खिळा देवकाबाईला टोचला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. पण तो टोचलाच नाही.

१९८३ सालचा हिवाळा. नालवाडीच्या आपल्या वाडीतला सांभार, म्हणजे कोथिंबीर, शिवाय पालक, वांगी टोपल्यात भरून ती नेहमीसारखी निघाली होती. वर्ध्याचा बाजार केला, सिंदी मेघेच्या गल्ल्या हिंडली, आणि चारच्या सुमाराला घरी आली. फाटकाशी चपला काढून चार पावलं टाकली असतील-नसतील, तोच तूर पाखडणारी तिची लेक कोकिळा ओरडली, "माय वं! तुह्या पायातून रगत येऊन राह्यलं!"

सारवलेल्या अंगणात डावं पाऊल लाल उमटलं होतं. चप्पल उलटी केली, तर अर्ध्या पेराएवढा खिळा. दिवसभर ती त्याच्यावरच चालली होती. तिनं जखम धुतली, हळद भरली, पण जीव थाऱ्यावर राहिला नाही. न दुखणाऱ्या जखमेची तिला धास्ती वाटली.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. तिथल्या माणसानं तिला बाकावर बसवलं. "बाई, डोये मिटा. पायाले काही लागलं का सांगजा."

देवकाबाई डोळे मिटून बसली. बराच वेळ गेला. शेवटी तीच म्हणाली, "करा ना भाऊ सुरू."

"झालं, बाई," तो हलकेच म्हणाला. त्याच्या हातातल्या पेनाचं टोक तिच्या तळव्यावरच टेकलेलं होतं.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. महारोग. गोळ्या नेमानं घेतल्या तर तो जाणार होता, कुणाला लागणारही नव्हता. पायातली गेलेली जाणीव मात्र परत यायची नव्हती. आता पाय डोळ्यांनी सांभाळायचा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचा. संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, तळवा आरशात न्याहाळायचा. आणि घालायच्या त्या दवाखान्याच्याच चपला: काळ्या, आतून मऊ रबराच्या, टाचेमागे पट्टा असलेल्या. त्यांना खिळा म्हणून नव्हता. सगळं शिवून चिकटवलेलं.

बाकी सगळं ती करायला तयार होती. पण त्या चपला! त्या पायांत दिसल्या की माणसं बाजूला सरकतात, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. खरं सांगायचं, तर तीही सरकली होती. तसल्या पायांच्या बाईच्या टोपल्यातला सांभार कोण घेणार?

"तू घरी राह्य. बाजारात मी जातो," नवरा रूपराव म्हणाला.

"अन् मी काय करू? भिंतीकडे पाहात बसू?"

तिला बसणं कधी जमलंच नव्हतं. जेवतानाही ती दोनदा उठायची. मग तिनं वाट काढली. घरून मऊ चपला घालून निघायची, आणि गावाबाहेर आली की त्या पिशवीत टाकून जुन्या प्लास्टिकच्या चपला चढवायची. गल्लीतून हाका मारताना तिचं लक्ष गिऱ्हाइकापेक्षा त्या पिशवीवर असे. पंधरा दिवसांत अंगठ्याखाली फोड आला, फुटला आणि चिघळला. डॉक्टर रागावले. महिनाभर पाऊल टेकायचं नाही, म्हणाले.

तो महिना तिनं बाजेवर तळमळत काढला. वाडीत पाणी सुटलं की मान उंचावून बघायची, रूपरावनं भाजी कमी नेली की चिडायची, लेकीवर ओरडायची आणि मग रडायची. जखम भरली त्याच दिवशी ती उठली. काळ्या चपला फडक्यात गुंडाळून बाजारातल्या मोतीलाल मोच्याकडे गेली.

फडकं उघडताच मोतीलाल समजला. देवकाबाईनं आजूबाजूला पाहिलं.

"तळ हाच ठेवजा दादा," ती घाईघाईनं म्हणाली. "वरून मात्र चारचौघींसारखी दिसली पाह्यजे. अन् खिळा नोको."

मोतीलालनं रबर बोटानं दाबून पाहिलं. "मागचा पट्टा लागनच. नाई तर पाय सुटून जाईन, अन् तुमाले समजनार नाई." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "तपकिरी चामडं लावून देतो. सँडल दिसन."

त्यानं तिचा पाय कागदावर ठेवून माप घेतलं. पाय हातात धरताना तो कचरला नाही.

त्या सँडलवर तिचं हिंडणं पुन्हा सुरू झालं. दर चार घरांनंतर ती ओट्यावर टेकून आत हात फिरवी. दोन वर्षांनी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. रोग गेला, म्हणाले. तरी मनातला चोर गेला नाही. कुणी पायांकडे पाहिलं की ती लुगडं खाली ओढायची.

सिंदी मेघेच्या कांताबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. एकदा पालक निवडता निवडता त्या म्हणाल्या, "देवकाबाई, ही सँडल लई मऊ दिसते. माह्या टाचा दुखतात. कुठून घेतली?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी ओट्याशी काढून ठेवलेल्या सँडलमध्ये पाय घातला.

"मोतीलालनं बनवली" एवढं बोलून देवकाबाईला निघून जाता आलं असतं. पण लपवता लपवता ती थकली होती.

"बाई, तळ दवाखान्याचा हाये," ती म्हणाली. "मले महारोग झालता. बरा झाला. पाय तेवढा बधिर राह्यला."

कांताबाईंनी पाय काढून घेतला. निवडलेली जुडी टोपल्यात परत ठेवली आणि आत गेल्या.

पुढचे सहा आठवडे ते दार उघडलं नाही. देवकाबाईनं त्या गल्लीतली आपली हाक मात्र चुकवली नाही. बातमी पसरली तशी आणखी दोन घरं तुटली, तीनचार टिकली. सातव्या आठवड्यात कांताबाई दारात आल्या, तिच्या पायांकडे बघत क्षणभर थांबल्या.

"सांभार हाये का ताजा?"

"सकायीच तोडला," देवकाबाई म्हणाली आणि तिनं टोपलं ओट्यावर उतरवलं.