झांज दातात वाजते

मंडळी, आज पहाटे काकडआरतीला मी धाकट्या भावाला, शिरपतीला, हाताला धरून देवळात नेलं. चाळिशीचा, राबता माणूस. पण देवळावर लाउडस्पीकरचा कर्णा बसल्यापासून आरती सुरू झाली की तो कान दाबून उसात पळतो. "देवाचं नाव सोसंना, अंगात कायतरी हाय," असं गाव म्हणतं. अमावास्येला भगत त्याला बांधून मिरचीची धुरी देणार होता.

कर्ण्यातून झांज वाजली आणि शिरपतीने स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला. रक्त आलं.

तेवढ्यात वीज गेली, कर्णा बंद पडला. गाणारे थबकले. शिरपती मात्र हात जोडून देवासमोर शांत उभा!

"आता रं? देव तर हितंच हाय," मी म्हणालो.

"दादा, देवाचं काय न्हाई. ती कर्ण्यातली झांज कानात न्हाई, दातात वाजती. लई दुखतं."

एवढं साधं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या घरात कान झाकणारं कुणी आहे का? विचारलंत कधी?

मघाशी भगताला येऊ नका म्हणून सांगितलं. मग देवळाला शिडी लावली.

"आरं, देवाला ऐकू कसं जायचं?" गुरव खालून ओरडला.

"त्याला कर्णा लागत न्हाई," म्हटलं, आणि कर्णा खाली उतरवला.