कोयत्यातलं दुसरं माणूस

ऊस तोडायचं यंत्र पहिल्यांदा फडात शिरलं, तेव्हा टोळीतली सगळी माणसं बांधावर उभी राहून बघत होती. एका बाजूनं ते धूड उभा ऊस गिळत होतं आणि दुसऱ्या बाजूनं कांडी ट्रॉलीत ओतत होतं. कुणी तोंडात बोट घातलं, कुणी शिवी हासडली. मुक्ताबाई तेवढी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बया, हे तर पानी प्यायला बी थांबंना!" मग शेजारच्या सुनिताला कोपरानं ढोसून म्हणाली, "चल, आपलं आपन तोडू. बघत बसल्यानं फड सरत न्हाई."

मुक्ताबाई पाटोदा तालुक्यातल्या माळावरच्या एका गावची. वय साठीकडे झुकलेलं, अंग काटक, आणि जीभ विळ्यासारखी. नवरा ऐन चाळिशीत गेला. ऊसतोडीत एकट्या बाईचे काय हाल, ते ज्याचं त्याला माहीत. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडणार, बायको पाचट काढून मोळ्या बांधणार आणि डोक्यावरून फळीनं ट्रकवर चढवणार, पण दोघांचा मिळून कोयता एकच, आणि नाव नवऱ्याचं. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कुठलाच मुकादम हौसेनं नेत नाही, त्यातून ती विधवा असली तर विचारूच नका.

मुक्ताबाई कपाळाला हात लावून बसली नाही. त्याच गावात सुनिता होती, नवऱ्यानं टाकलेली, तिच्यापेक्षा चांगली पंधरा-वीस वर्षांनी लहान. तिचा हात धरून मुक्ताबाई थेट बजरंग मुकादमाच्या दारात गेली. "हिचा अर्धा आन् माझा अर्धा. झाला का न्हाई एक?" बजरंग पोट धरून हसला. "दोन बायांचा कोयता कुठं असतो व्हय, मुक्ताबाई?" पण माणसं कमी पडत होती म्हणून त्यानं नेलं. हंगाम सरला, तेव्हा त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. दोघींची गाडी नवरा-बायकोच्या बरोबरीनं भरत होती. त्यानंतर कितीतरी वर्षं हा कोयता मुक्ताबाईच्या नावानं चालला. वयानं मोठी ती, म्हणून नाव तिचं. सुनिता तिला आक्का म्हणायची आणि ती म्हणेल तसं करायची.

मुक्ताबाईच्या एकेक गोष्टी आजही टोळीत सांगतात. एकदा पोटुशी सुरेखा मोळी घेऊन फळीवर चढता चढता मटकन खाली बसली, आणि ड्रायव्हर गाडी लवकर भरा म्हणून हॉर्नवर हॉर्न वाजवत सुटला. मुक्ताबाई त्या फळीवर आडवी बसली. "ही उतरंल, पानी पेईल, मंग गाडी भरंल. घाई असंल तर तू ये, मोळ्या उचल." ड्रायव्हरनं हॉर्न बंद केला आणि बिडी पेटवली. दुसरं करणार काय बिचारा!

असा हा चालता गाडा यंत्रानं मोडला. पहिल्या वर्षी एक यंत्र आलं, पुढच्या वर्षी चार. कुठला फड आधी तोडायचा, कुठल्या उसात साखर भरली, हेसुद्धा आता आभाळातले फोटो बघून कॉम्प्युटर ठरवायला लागला. दसऱ्याच्या तोंडावर बजरंग मुकादम गावात आला तो तोंड पाडूनच. "औंदा कारखानावाले आपली टोळी नको म्हनत्यात," तो म्हणाला. "माझंच काई खरं न्हाई, तर तुमचं काय सांगू?" ज्या मुकादमाला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, त्याची त्या दिवशी गावाला कीव आली.

मग एक संस्था आली. यंत्रामुळे ज्यांचं काम सुटलं, त्यांना वर्षभर दर महिन्याला ठरलेली रक्कम थेट बँकेत द्यायची, त्या पैशाचं काय केलं हे विचारायचं नाही, आणि मधे दुसरं काम मिळालं तरी ती बंद करायची नाही, असा त्यांचा प्रयोग होता. समजावून सांगायला चौसाळ्याची वैष्णवी नावाची चुणचुणीत पोरगी यायची. गावानं त्या पैशाला लगेच नाव ठेवलं, बसता पगार. पण विश्वास कुणाचा बसेना. हनुमान, म्हणजे त्या सुरेखाचा नवरा, म्हणाला, "फुकट कोन देतंय? आज पैसे देत्याल, उद्या अंगठे घेत्याल."

मुक्ताबाईनं त्याला तिथंच गप्प केलं. "फुकट कशाचं रं? आपन तोडलेल्या उसावरच हे कारखाने उभे राहिले. त्याच्यातनंच मशीन आलं. मंग मशीनच्या कमाईतले चार घास आपल्या ताटात पडले, तर लाज कावून वाटावी?" हे ऐकून वैष्णवी म्हणाली, की मला तासभर बोलून जे जमलं नाही, ते मावशींनी एका दमात सांगितलं.

आणि याच मुक्ताबाईच्या हातून पुढं चूक झाली. चूक सगळ्या गावाचीच होती, पण तिनं ती स्वतःची मानली.

वैष्णवी नावं घ्यायला आली, तिनं विचारलं, "ऊसतोडीला जाणारे तुम्ही किती?" सगळे एका सुरात म्हणाले, "धा कोयते." पोरीनं पुन्हा विचारलं, "म्हणजे दहा मजूर?" माना डोलल्या. "व्हय, व्हय, धा." जन्मभर जे तोंडात बसलं, तेच बाहेर आलं. बायका मागं बसल्या होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत. मुक्ताबाईनं सांगितलं, "माझा एक." झालं, नऊ पुरुषांची नावं लागली आणि दहावं तिचं.

पहिला पैसा आला, त्या दिवशी मुक्ताबाई सुनिताला घेऊन पाटोद्याला बँकेत गेली. पैसे काढून तिनं बँकेच्या पायरीवरच निम्मे तिच्या हातावर ठेवले. सुनितानं ते घेतले आणि वाकून तिच्या पाया पडली.

मुक्ताबाई चरकली. एवढी वर्षं जिनं फडात बरोबरीनं घाम गाळला, ती बाई पाया का पडते? पुढच्या महिन्यात तर कहरच झाला. न सांगता सुनिता सकाळी येऊन तिची भांडी घासायला लागली, अंगण झाडायला लागली, धुणं ओढून न्यायला लागली. नको म्हटलं तरी ऐकेना. निम्मे दिले, हिशेब चोख होता, मग चुकतंय कुठं? भांड्यांचा आवाज ऐकता ऐकता तिला एकदम उमगलं. आपण देणारे झालो आणि ती घेणारी झाली. कोयत्यातलं दुसरं माणूस म्हणजे काय, हे नवरा गेल्यावर ती विसरूनच गेली होती, कारण कोयता तिच्या नावाचा होता.

तिनं वैष्णवीला बोलावून घेतलं आणि कोयता म्हणजे काय, ते पहिल्यापासून सांगितलं. पोरीनं कपाळावर हात मारला. "मावशी, पैसे माणशी आहेत हो! कोयत्याला कोण देतंय?" पण दुरुस्ती सोपी नव्हती. ती करायची तर सगळ्या गावाची नावं पुन्हा उघडावी लागणार, वर मंजुरीला जाणार, आणि तोवर सगळ्यांचे पैसे थांबणार. "तुमचेसुद्धा," वैष्णवी चाचरत म्हणाली. "आणि बायकांचे मिळतीलच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

समाजमंदिरात गाव जमलं, तेव्हा नुसती आगपाखड झाली. हातातलं सोडून पळत्याच्या मागं कोण लागणार? हनुमान तर उठूनच उभा राहिला. "पैसा घरातच येतोय ना? माझ्या खात्यात आला काय आन् हिच्या खात्यात आला काय, एकच की!"

"एकच हाय ना?" मुक्ताबाई म्हणाली. "मंग समदाच हिच्या खात्यात टाक."

हशा पिकला. हनुमान खाली बसला. हसू ओसरल्यावर मुक्ताबाई मागं बसलेल्या बायकांकडे वळली आणि तिचा आवाज एकदम उतरला. "मी बी तसंच केलं, बायांनो. एक कोयता म्हनले आन् सुनिताला गिळून बसले. मला माझा पैसा असा नको. मोळ्या कुनी बांधल्या, गाड्या कुनी भरल्या, ते ज्याचं त्यानं उठून सांगा."

सुरेखा उठली, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी भरल्या." तिच्यामागं दुसरी उठली, तिसरी उठली. सुनिता सर्वांत शेवटी उठली आणि उठल्या उठल्या पदर तोंडाला लावून रडायला लागली. पुरुषांपैकी एकाच्या डोक्यात उजेड पडला, की मंजूर झालं तर घरात दोन पगार येणार. तेव्हा कुठं विरोध मावळला. माणसाला न्याय पटायला कधीकधी असा टेकू लागतो, त्याला मुक्ताबाई तरी काय करणार!

पैसे थांबले आणि काही केल्या सुरू होईनात. पाऊसकाळ गेला. ज्यांनी समाजमंदिरात होकार भरला होता, तेच आता तिला बघून तोंड फिरवायला लागले. "मोठी शहानी! गावाच्या तोंडचा घास काढला," असं तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे. मुक्ताबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि संध्याकाळी ताठ मानेनं त्याच रस्त्यानं परत यायची. सुनितानं हात जोडले. "आक्का, जाऊ द्या. माझ्यापायी शिव्या कावून खाता?"

"तुझ्यापायी न्हाई गं," ती म्हणाली. "मला तुझ्याकडनं भांडी घासून घ्यायची न्हाईत, म्हनून."

दिवाळीच्या आधी मंजुरी आली. वीस माणसं, वीस खाती. सुनिताचे पैसे आले, तेव्हा ती एकटी पाटोद्याला गेली आणि एकटी परत आली. येताना मुक्ताबाईच्या दारावरून आली, पाया पडली नाही. ओसरीवर ऐसपैस बसून चहा मागितला. मुक्ताबाईला एवढा आनंद झाला, की तिनं चहात दुप्पट साखर घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बजरंग मुकादम दारात येऊन उभा राहिला. आज त्याचं तोंड उजळलेलं होतं. "वाऱ्यानं ऊस लोळलाय, मशीन शिरंना. मानसं मागितलीत. तुमचा दोघींचा कोयता पयला पाहिजे, मुक्ताबाई."

खरं तर कोयत्यावाचून तिचे हात शिवशिवत होते. आपल्याशिवाय अजून अडतंय, या विचारानंच ती खुलली. "येतो की!" ती म्हणाली. "कधी निघायचं?"

"मी न्हाई येनार," ओसरीवर शेंगा निवडत बसलेली सुनिता म्हणाली.

मुक्ताबाईला ऐकलं ते खरं वाटेना. एवढ्या वर्षांत हा शब्द या तोंडून कधी निघाला नव्हता. तिला वाईट वाटलं, रागही आला. हिच्यासाठी आपण गावाशी वैर घेतलं आणि ही आपल्यालाच नाही म्हणते! "कावून गं?"

"माझी कंबर गेली हाय, आक्का. लई वर्सं झाली. मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी येती."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

सुनितानं शेंगांतली नजर उचलली नाही. "बोलले असते, तर तुमाला कुनी नेलं असतं?"

मुक्ताबाई तिच्याशेजारी येऊन बसली. पाठीला पाठ लावून जिच्याबरोबर फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत झोपली, तिची पाठ दुखते हे तिला कधी कळलं नव्हतं. मुकादम घसा खाकरून म्हणाला, "तुमी समजावून सांगा, तुमचं ऐकंल ती."

"तिनं सांगितलं की," मुक्ताबाई म्हणाली. "ऐकू न्हाई आलं का?"

बजरंग गेला. मुक्ताबाई आत गेली, वाटीभर तेल कोमट करून घेऊन आली. सुनिता नको नको म्हणत असताना तिनं तिला चटईवर पालथं झोपवलं आणि तिच्या कमरेवर हात ठेवला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, ते तिनं तसंच वाहू दिलं.

"कुठं दुखतं, ते सांग," ती म्हणाली. आणि सुनिता सांगू लागली.