विझवलेली बिडी

ही गोष्ट मी अर्धी पुष्कळदा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर, एकदा तर तंबाखूविरोधी दिनाला चक्क माईक हातात धरून. पण उरलेली अर्धी – ती आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तिच्यासमोर विषय काढायचं ठरवतो आणि भाजीच्या भावावर बोलून उठतो.

सांगतो ती अर्धी अशी. मी बसचा कंडक्टर. चिखलीहून अमडापूरकडच्या खेड्यांत जाणारी गाडी, मे महिन्यातली दुपार. मागच्या सीटवर एका म्हाताऱ्यानं बिडी पेटवली. नेमका तेव्हाच वरून हुकूम आला होता, गाडीत कुठंही धूर दिसता कामा नये. लाल अक्षरांच्या नव्या कोऱ्या पाट्या लागल्या होत्या. मी दटावलं. म्हातारा काही घाबरला नाही. पाटीकडे बोट करून म्हणाला, "बिडीवर टॅक्स घेते तवा सरकारले धूर नाही लागत काय हो? मायाच बिडीच्या पैशानं हे पाटी रंगवली, अन् मलेच दाखवून राह्यले!"

अख्खी गाडी हसली. ऐकणारेही इथं हसतात. मग मी छाती काढून म्हणतो – आपणही काही कमी नाही, दिला फाट्यावर उतरवून! म्हटलं, जा, सरकारलेच विचार! तंबाखूविरोधी दिनाच्या कार्यक्रमात यावर टाळ्या पडल्या होत्या.

आता मला सांगा, म्हातारा चुकीचं काय बोलला होता? बजेट आलं की सरकार आधी सिगारेट महाग करतं, आणि लोक सोडणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. सगळ्यांनी खरंच सोडली तर तिजोरीचं काय होईल? आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो होतो? गाडी सुटायच्या आधी स्टँडवरच्या खोलीत, अगदी तशाच पाटीखाली बसून, मी सिगारेट ओढून आलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पण हेही माझं पाप नव्हे. एवढं तर मी चारचौघांत हसत हसत कबूल करतो. मी टाळतोय – तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्यांनी बिडी विझवली होती. आज 'त्यांनी' म्हणतोय, तेव्हा अरे-तुरेच केलं होतं. बोलून झाल्याबरोबर त्यांनी ती सीटच्या दांड्यावर दाबली आणि थोटूक खिशात टाकलं. म्हणजे नियम तिथंच पाळला गेला होता. उरलं होतं ते लोकांचं हसू, माझ्यावरचं. ते मला सोसलं नाही. फाट्यावर गाडी थांबवून मी त्यांना उतरवलं. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "जाऊ द्या ना भाऊ, उन्हाचं कुठं चालन ते?" ते उठले. मांडीवरची पिशवी त्यांनी रस्ताभर खाली ठेवली नव्हती. ती घेऊन उतरले. गाव तिथून चार-पाच किलोमीटर, वाटेत धड झाड नाही.

गावात गाडी थांबली तेव्हा पाराजवळ माणसं जमली होती. मयत झाली होती. उतारू पांगल्यावर तिशीचा एक पोरगा धावतच आला. डोळे सुजलेले, खांद्यावर टॉवेल.

"साहेब, गाडीत एक म्हातारे होते काय? मामा हायेत माये. त्याहीच्यापाशी फोन नाही. मायसाठी लुगडं आणून राह्यले ते."

आमच्याकडे सासरी बाई वारली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भाऊ आणतो ते. पिशवीत काय होतं, ती बिडी का पेटली होती – मला उभ्या जागी सगळं समजलं. "फाट्यावर आहेत" एवढं म्हटलं असतं तर एखादा पोरगा मोटारसायकलवर जाऊन त्यांना घेऊन आला असता. पण मग विचारलं असतं, तिथं कसे उतरले?

मी म्हणालो, "नाही. असं कोणी नव्हतं गाडीत."

हे माझं पाप. खोटं बोललो, आणि तेही कुणाशी? मागून कुणीतरी बोललं, "म्या म्हटलं नव्हतं? वावराच्या वाट्यावरून बहीण-भावाची बोलचाल बंद होती, तो काऊन येते! लागा तयारीले." पोरगा खाली मान घालून वळला. आईला भाऊ विसरला असं त्याला वाटलं, आणि ते मी वाटू दिलं.

पुढच्याच आठवड्यात मी तो रूट बदलून घेतला. तक्रार येईल म्हणून महिनाभर झोप नव्हती. तक्रार आलीच नाही. पुढे सासूबाई गेल्या, तेव्हा बायकोच्या मामांनी आणलेलं लुगडं मीच उलगडून दिलं. ते हातातून लवकर सुटेना. लोकांना वाटलं, जावयाचा जीव होता सासूवर.

अजून एक राहिलं. हे सगळ्यात वाईट आहे.

त्या गावातूनच गाडी रिकामी मागे फिरली. परतीच्या वाटेवर ते दिसले. गावाकडे चालत होते, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. आमची गाडी उलट्या दिशेची, तरी त्यांनी हात केला. ड्रायव्हर गावात केबिनमधून उतरला नव्हता, त्याला मयतीचं काही ठाऊक नव्हतं. त्याला नुसती दया आली. त्यानं गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "फिरवू काय बे? पाच मिनिटांत सोडून येऊ त्याले."

गावात तयारी चालू होती, अजून उचललं नव्हतं. हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. त्यांना तिथं नेलं असतं तर पोरानं माझं तोंड पाहिलं असतं.

मी घंटीची दोरी दोनदा ओढली. दोनदा म्हणजे, चला.