मिठाची गाडी उलटी चढली

जॅनिस ऑल्डरसनला आमच्या खोऱ्यात कुणी चांगलं म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. हिवाळ्यात तर नाहीच. ती कौन्सिलची मिठाची गाडी चालवते, रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकत जाते ती, आणि ही गाडी आली तरी लोक बोंबलतात, नाही आली तरी बोंबलतात. आली तर मिठाचे खडे काचेवर उडाले, पत्रा गंजला. नाही आली तर मग काय, कर कशाला भरतो आम्ही! आमच्या थ्वेटगिल गावातलं एकुलतं एक दुकान माझं, त्यामुळे ही सगळी बोंब माझ्या गल्ल्यासमोर उभं राहून मारली जाते. मी ऐकून घेते, ब्रेड देते, आणि फारच झालं तर म्हणते, "मग तुम्ही चालवा ना."

जॅनिस आधी दुधाचा टँकर चालवायची. डेअरी बंद पडली तशी कौन्सिलमध्ये लागली. उन्हाळ्यात रस्त्याकडेचं गवत कापते, खड्डे बुजवते, आणि ऑक्टोबर लागला की मिठाच्या गाडीवर. तेव्हापासून वसंत येईपर्यंत ती दारूच्या थेंबाला शिवत नाही, कारण फोन कधी वाजेल सांगता येत नाही. ख्रिसमसला टर्की कापायला घेतली की तो हमखास वाजतो. नवरा होता, तो याच कारणाने सोडून गेला असं लोक म्हणतात. ती म्हणते, बरं झालं, घोरायचा मेला. रुंद खांदे, आखूड पांढरे केस, बोलणं तुटक. शाळेतल्या मुलांनी तिच्या पिवळ्या गाडीला 'बर्फखाऊ' नाव दिलंय, ते दारावर रंगवलेलं आहे. तिला ते आवडतं का, हे विचारायची कुणाची छाती नाही.

आता आमच्या गावाची अक्कल सांगते. खाली ओढ्याकाठी माझं दुकान, चॅपल म्हणजे आमचं छोटं चर्च, आणि चार घरं. बाकीचं गाव वर डोंगरावर. मधे चॅपलचा चढ, आणि तो इतका उभा की उन्हाळ्यातसुद्धा सायकलवाले उतरून ढकलत नेतात. तर रेडिओवर बर्फाचं नाव निघालं रे निघालं, की वरचे लोक संध्याकाळीच आपापल्या गाड्या खाली आणून लावतात आणि पायी घरी जातात. सकाळी अडकायला नको म्हणून. बापजाद्यांपासून चालत आलंय हे. दुकानापासून चॅपलच्या कोपऱ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना रांग लागते. मग मिठाच्या गाडीला वर जायला वाटच उरत नाही. चढावर मीठ पडत नाही, म्हणून पुढच्या वेळी आणखी लोक गाड्या खाली आणतात. "गाड्या वर ठेवा, मी येते!" असं जॅनिस दर हिवाळ्यात माझ्या दुकानात येऊन ओरडते. लोक माना डोलावतात आणि बर्फाचं नाव निघालं की पुन्हा किल्ल्या उचलतात. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून मला हे सगळं स्पष्ट दिसतं.

त्या जानेवारीत रात्रभर बर्फ पडला आणि दुपारी त्यावर पाऊस. पडल्याजागी गोठणारा पाऊस. चॅपलच्या चढावर जणू काच ओतली होती. धुकंही असं, की ओढ्यापलीकडचं झाड दिसेना. उजेड जायला आला होता आणि मी दुकान लवकर बंद करायच्या विचारात होते, तेवढ्यात निळे दिवे लावून अ‍ॅम्ब्युलन्स आली.

वरच्या शेवटच्या घरातली ऑड्री पीकॉक. छातीत कळ आली, श्वास लागेना, म्हणून तिच्या नवऱ्याने, क्लिफर्डने, फोन केला होता. म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात. अ‍ॅम्ब्युलन्सने चढ घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्याच वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी आडवी होत खाली घसरत आली. माझ्या डोळ्यांसमोर. मी ओरडलेसुद्धा. गाडीतली उपचार करणारी मुलगी बुटांना काटे बांधून, पाठीवर ऑक्सिजन घेऊन पायी वर निघाली. चालवणारा पोरगा मागे राहिला.

मी त्याला विचारलं, "हेलिकॉप्टर?"

"या धुक्यात? छे. आणि स्ट्रेचर या बर्फावरून उतरवायचा म्हणजे तिघं मरतील. मिठाची गाडी मागवलीय. ती वर गेली तर मी तिच्यामागून जाईन."

थोड्या वेळाने पिवळा दिवा दिसला. जॅनिस मुख्य रस्त्यावरून वळली, दोन्हीकडच्या रांगा पाहिल्या, आणि गाडी थांबवून खाली उतरली. चेहरा लालबुंद.

"डोरीन! कुणाकुणाच्या आहेत या?"

"सगळ्या वरच्यांच्या."

"सगळ्यांना फोन लाव. आत्ता. किल्ल्या घेऊन खाली या म्हणावं. बसत घसरत या, पण या."

मी फोन लावत सुटले. खालच्या घरांतून माणसं फावडी घेऊन बाहेर आली. वरची माणसं कुंपणाला धरधरून, मधेच बुडावर आपटत उतरली. एरवी मला हसू आवरलं नसतं. एकेक गाडी सुरू झाली, घसरली, कशीबशी ओढ्याकडच्या मैदानात गेली. जॅनिस मधे उभी राहून हातवारे करत होती.

"मी गाडी तिरकी लावली होती ना, जागा होती तशी," वरचा डेरेक पुटपुटला.

"डेरेक, तोंड बंद ठेव आणि ढकल."

तेवढ्यात अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या पोराचा वायरलेस बोलला. वर पोचलेली मुलगी होती. ऑड्रीचे ओठ निळे पडायला लागले होते. ऑक्सिजन लावलाय, पण इथे घरात याहून जास्त काही करता येणार नाही, लवकर या.

सगळ्या गाड्या निघाल्या. एकच उरली. नेमकी चॅपलच्या कोपऱ्यावर, जिथे रस्ता सगळ्यात अरुंद आहे तिथे, हिरवी, लांबलचक. क्लिफर्ड पीकॉकची.

किल्ली वर, क्लिफर्डच्या स्वयंपाकघरात. तो पंच्याऐंशीच्या घरातला माणूस, बायको डोळ्यांदेखत गुदमरतेय, त्याला काय खाली बोलवायचं? आणि ती पोरगी ऑड्रीला सोडून किल्ली घेऊन येणार थोडीच. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला आणि लगेच रडूही आलं. बिचाऱ्याला बायकोला उद्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून तर गाडी खाली आणली होती.

जॅनिसने गाडीभोवती एक चक्कर मारली. बुटाने खालचा बर्फ घासून पाहिला.

"लॉक असली तरी चाकं बर्फावर आहेत. सगळे एका बाजूला या. उचलायची नाही, हलवायची. वरखाली करत राहा आणि मी 'हं' म्हटलं की भिंतीकडे लोटा."

"भिंतीला आदळेल," डेरेक म्हणाला.

"आदळू दे!"

आम्ही सगळ्यांनी हात लावले. मीसुद्धा, माझ्या या गुडघ्यांनी. गाडी हिंदकळायला लागली. "हं!" पाय सटकले, दोघं पडले, आणि गाडी एकदम निसटून चॅपलच्या भिंतीवर जाऊन आदळली. दिवा फुटला, दार आत गेलं. पण वाट झाली होती.

मिठाच्या गाडीचं एक आहे. मीठ पडतं मागून. सरळ चढायला गेलं तर पुढची चाकं नुसत्या बर्फावर, आणि मीठ पडणार ते चाकं गेल्यावर. म्हणून असला चढ उलटा चढायचा. आधी मीठ, मग त्यावर चाक. मी हे ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. जॅनिसने गाडी फिरवली, पाठ चढाकडे केली. मागचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर बर्फ साचला होता, म्हणून दोन्ही खिडक्या उघडल्या आणि मान बाहेर काढली. मागची मीठ उडवणारी तबकडी गरगर फिरायला लागली, मीठ आणि खडी आमच्या पायांवर सपसप येऊन लागली.

एवढं मोठं धूड उलटं, माणसाच्या चालीने वर निघालं. पहिल्या वळणावर गाडी थांबली. मग खाली सरकली. हातभर सरकली असेल, पण आमच्यातल्या कुणीतरी देवाचं नाव घेतलं. एका अंगाला दरी आहे तिथे. जॅनिसने ब्रेक लावला नाही, ते मला कळलं, कारण गाडीमागच्या धुक्यात लाल उजेड पडला नाही. ती नुसतं मीठ टाकत राहिली, एकाच जागी, ढीगभर. मग चाकांनी धरलं आणि पिवळा दिवा हळूहळू वर धुक्यात दिसेनासा झाला. तिच्या पाठोपाठ अ‍ॅम्ब्युलन्स, पहिल्या गिअरमध्ये.

आम्ही तसेच उभे राहिलो. घरी जा म्हटलं तरी कुणी हलेना. शेवटी वरून दोन्ही गाड्या उतरताना दिसल्या. पुढे जॅनिस, दुसऱ्यांदा मीठ टाकत, मागे अ‍ॅम्ब्युलन्स. जॅनिसच्या शेजारी क्लिफर्ड बसलेला. वर तो अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ओक्साबोक्शी रडायला लागला, त्या मुलीला काम करता येईना, म्हणून जॅनिसने त्याला उचलून आपल्या गाडीत बसवलं. कौन्सिलच्या नियमात हे बसत नाही. दोन्ही गाड्या आमच्यासमोरून मुख्य रस्त्याला लागल्या आणि शहराकडे गेल्या. पण अ‍ॅम्ब्युलन्सचे निळे दिवे बंद होते, म्हणजे आता घाई उरली नव्हती. डेरेकने हळूच टोपी काढली. मी दुकानात जाऊन दार लावून घेतलं.

ऑड्री गेली नव्हती. आठवड्याने मी तिला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा ती तिथल्या पुडिंगला नावं ठेवत होती. दिवे का बंद केले, तर धुक्यात तो निळा उजेड बर्फावरून उलटा डोळ्यांत यायचा आणि पोराला रस्त्याची कड दिसेना.

जॅनिस त्यानंतर दुकानात आली तेव्हा मी तिला न विचारता चहा दिला. बेकन घातलेला पावही दिला.

"वर चढताना भीती वाटली का गं?"

"चढताना कुठली भीती? काम होतं. उतरताना वाटली."

"उतरताना कशाला? मीठ तर पडलं होतं."

तिने पाव खाली ठेवला. "निम्मा चढ उतरल्यावर आरशात पाहिलं, तर निळे दिवे गेलेले. वायरलेस तर माझ्याकडे नाही. क्लिफर्ड शेजारी. त्याच्या बाजूचा आरसा बर्फाने भरला होता, नशीब माझं. मी त्याला विचारलं, यंदा तुमचा घेवडा कसा होता? तो सांगायला लागला. घेवडा, मग कांदे, मग गोगलगायी. हॉस्पिटल येईपर्यंत सांगत होता."

"म्हणजे तुला वाटलं की..."

"गेली असंच धरून चालले होते."

मला काय सुचलं कोण जाणे, मी बोलून गेले, "मग तरी शहरापर्यंत सगळ्या रस्त्याला मीठ टाकत गेलीस? घाई तर संपली होती ना तुझ्या हिशेबाने."

जॅनिसने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती त्या गाड्यांच्या रांगांकडे पाहते.

"अगं, मागच्या गाडीत अ‍ॅम्ब्युलन्सची ती दोन पोरं होती ना जिवंत."