मेडिकलच्या सकाळचा डबल स्कूप

"मॅडम, अनफिट लिहा आणि मोकळ्या व्हा," एचआरचे कुलकर्णी म्हणाले. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो संदेश समोरच उभा होता. तोंड पांढरंफटक.

चाकणच्या एका कारखान्यात मी कंपनीची डॉक्टर आहे. संदेश आमच्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार. पर्मनंट करण्याआधी मेडिकल झालं, त्यात रक्तातलं क्रिएटिनिन १.७ आलं; साधारण १.३ पर्यंत ठीक. हा स्नायूंमध्ये तयार होणारा कचरा. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात वाढला की किडनीवर संशय घ्यायचा. संशय, बरं का, निकाल नव्हे.

संदेशच्या मनात मात्र निकाल लागूनही गेला होता. त्याचे वडील डायलिसिसवर असतानाच गेले. आई संत तुकाराम नगरात डबे करून देते. "आईला कळू देऊ नका मॅडम," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"मला काही आठवडे द्या," मी कुलकर्णींना म्हटलं.

"यादी वर जायचीय हो."

"जाऊ द्या. याचं नाव पेंडिंग ठेवा. अनफिट मी लिहिणार नाही."

कुलकर्णी तसा माणूस वाईट नाही. कुरकुरले, पण ठेवलं.

मग मी संदेशला नीट तपासलं. बीपी उत्तम. लघवीत प्रोटीन नाही. अंगावर सूज नाही. शर्टाच्या बाह्या मात्र दंडांवर उसवायला आलेल्या.

"औषधं काही घेतोस?"

"न्हाई."

"जिमला जातोस?"

पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "रोज! आकुर्डीला."

"तिथे काय घेतोस?"

"क्रिएटिन. पण ते औषध कुठंय, पावडर हाय."

"आणि मेडिकलच्या दिवशी?"

त्याने मान खाली घातली. "सकाळी पावडरचा डबल स्कूप मारला. पायांचा कडक वर्कआउट केला. वर चिकन. पाणी कमीच प्यायलो, मसल उठून दिसतात. म्हटलं, डॉक्टरपुढं बॉडी दिसली पाहिजे."

"अरे गाढवा! मेडिकल होतं की बॉडीबिल्डिंगची स्पर्धा?"

तो कसंनुसं हसला. मग मी समजावलं. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं. पावडर, मांसाहार, जड व्यायाम, सगळ्यांनी आकडा चढतो, किडनी ठणठणीत असली तरी. पण घरात आजार होता, त्यामुळे 'काही नाही' म्हणून सोडून देणं मला जमणार नव्हतं. पावडर बंद, तपासणीआधी काही दिवस जिम आणि चिकन बंद, पाणी नेहमीसारखं. मग पुन्हा तपासणी, सोबत सिस्टाटिन सी. तीही रक्तातून किडनी बघणारीच तपासणी, पण स्नायूंचा आणि पावडरचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

या वेळी क्रिएटिनिन १.१ आलं. सिस्टाटिन नॉर्मल. मी फिट लिहून सही केली. "पण वर्षातून एकदा तपासायचं, आणि मला विचारल्याशिवाय पावडरचा डबा उघडायचा नाही," असा दमही दिला.

संदेश दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. तसाच आईला फोन लावला. "आई, मला काय बी झालेलं न्हाई गं."

स्पीकर चालू होता. "मग रडतोस कशाला रे मेल्या?"

यंदाच्या तपासणीला तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, आज काही तयारी केली न्हाई. जसा हाय तसा आलोय."

मेडिकलला माणसानं असंच यावं.